‘शांत हो’ म्हणून राग जात नाही, तालीम घ्यावी लागते

आठवी ते दहावीच्या, पटकन चिडणाऱ्या मुलांकडून आधी दोन आठवडे रागाच्या प्रसंगांच्या नोंदी लिहून घ्या. छोटी वही, सहा रकाने: कुठे, कोण, काय झालं, अंगात काय जाणवलं (कान तापले, जबडा आवळला), काय केलं, मग काय झालं. शेजारी रागाचा आकडा, 0 ते 10. वही पालकसभेत काढलीत तर दुसऱ्या दिवसापासून नोंदी खोट्या येतील. शेवटचा रकाना नीट वाचा. गणिताच्या तासाला भांडण आणि मग वर्गाबाहेर उभं राहणं, असं पुन्हापुन्हा दिसलं तर रागामुळे गणित टळतंय. तिथे आधी गणितात मदत हवी.

श्वास: 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर, रोज 5 मिनिटं, डोकं शांत असताना.

‘उशीवर गुद्दे मार’ हा सल्ला कृपया बंद करा. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 मधल्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारेच जास्त रागावलेले निघाले.

आता खरं अवघड काम: चिडवण्याची तालीम. श्वास, समजूत सगळं खोलीत जमतं आणि मधल्या सुट्टीत विसरतं, कारण सराव थंड डोक्याने झालेला असतो. म्हणून थोडं तापवूनच शिकवावं लागतं. वहीतून सहा-सात प्रसंग काढून आकड्यांनुसार उतरंड लावा: न विचारता पेन घेतलं 3, मागून टपली मारली 5, वडिलांवरून बोलले 8. सुरुवात 3 पासूनच. थेट 8 ला हात घातला की मूल एकतर उसळतं नाहीतर पुन्हा येतच नाही.

चिडवणाऱ्याचं काम तुम्ही करा, वर्गमित्राला कधीही देऊ नका. तालमीतले शब्द संध्याकाळी ट्यूशनला पोचतात. थांबण्याचा शब्द आधी ठरवा. मुलाने करायचं ते ठरलेलं: एक लांब उच्छ्वास, मनात स्वतःच्या भाषेतलं वाक्य (‘लोड घेऊ नको’ चालेल, तुमचं सुभाषित चालणार नाही), मग खालच्या आवाजात ‘पेन दे, विचारून घे’, आणि दोन पावलं मागे. मध्येच उपदेश करू नका. लागोपाठ तीनदा जमलं आणि आकडा निम्म्यावर आला, तरच पुढची पायरी. एका दिवसात एकच पायरी चढा आणि शेवट सोप्या प्रसंगावर करा.

मग खऱ्या जागा: मैदान, नळाची रांग. तिथे जमलं की लगेच, नेमकं सांगा: ‘टपली बसली तरी तू हात उचलला नाहीस.’ नुसतं ‘शाब्बास’ पुरत नाही. बाहेर जायचं कार्ड (राग चढला की दाखवून वर्गाबाहेर पडायचं) दिलं असेल तर सगळ्या विषयशिक्षकांना माहीत हवं. 5 मिनिटांत परत, राहिलेलं काम पूर्ण.

हत्यार उचलणं किंवा स्वतःला इजा करणं दिसलं तर तालीम थांबवा, पालकांना लगेच कळवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416. घरातच मारहाण होत असेल तर पालकांना विचारत बसू नका, चाइल्ड हेल्पलाइनला, 1098 ला फोन लावा.