ब्रेक ऑईल बदललं आणि पेडल मऊ झालं? या चुका टाळा

ब्रेक ऑईल स्वतः बदललं, चाकं चढवली, गाडी खाली घेतली, मोठ्या ऐटीत पेडल दाबलं आणि पाय उशीवर ठेवल्यासारखा आत गेला. मग लगेच मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑईल चाकांकडे ढकलणारा पार्ट) गेला असणार, नवीन टाकतो, असं सुरू होतं. अरे थांबा जरा. कालपर्यंत पेडल कडक होतं, आज ऑईल बदलल्यावर मऊ झालं, तर पार्ट एका रात्रीत मेला असण्यापेक्षा आपणच आत हवा घेतली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. ऑईल दाबून दबत नाही, हवा दबते, त्यामुळे पायाचा जोर पॅडवर जायच्या ऐवजी ते बुडबुडे आवळण्यात संपतो.

आधी पेडल नीट तपासा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपेल, मग पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. आता पेडल थोडंसं खाली गेलं तर तो बूस्टर काम करतोय, फॉल्ट नाहीये. यालाच फॉल्ट समजून तीन-तीनदा ब्लीडिंग (चाकाजवळचा निपल उघडून पेडलने जुनं ऑईल आणि हवा बाहेर काढणं) करणारे लोक मी पाहिलेत. खरा मऊपणा म्हणजे पेडल लांब जातं आणि भराभर पंप केलं की वर येऊन कडक होतं. आणि पाय धरून ठेवला की पेडल हळूहळू खाली बसतच जात असेल तर तो वेगळा आजार, तिथे लीक शोधा, बाहेर कुठे थेंब नसेल तर मास्टर सिलेंडरच्या आतली रबरं बघा.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, मास्टर सिलेंडरवरची ऑईलची डबी रिकामी होऊ देणं. सगळ्यांना माहीत असतं, सगळे मान डोलावतात आणि तरी करतात. मी पण केलीय, म्हणून तर एवढं तळमळीने सांगतोय. मी चाकाखाली, मेहुणा पेडलवर. मी "दाब" म्हटलं की दाबायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं, असं छान चाललं होतं. मागचं चाक लांब, पाईपात जुनं काळं ऑईल भरपूर, आणि मला ते स्वच्छ पिवळं आलेलं बघायचं होतं, त्या नादात डबीकडे बघायचंच राहिलं. मेहुणा वरून म्हणाला, "दाजी, पेडल एकदम हलकं झालं, झालं वाटतं काम." काम कसलं, डबी कोरडी ठणठणीत आणि मास्टर सिलेंडर हवा ओढत बसलेला. त्यानंतर चारही चाकं पुन्हा केली, दोनदा केली, पेडल मऊ ते मऊच.

कारण हवा मास्टरमधून पुढे एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमच्या) ब्लॉकमध्ये शिरली होती, आणि तिथल्या काही वाटा एबीएस चालतं तेव्हाच उघडतात, आपण पेडल मारून त्या उघडत नाहीत. शेवटी स्कॅनर लावून एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवत पुन्हा ब्लीडिंग करावं लागलं. काही जण सांगतात की मोकळ्या मातीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारा, एबीएस चालेल, हवा आपोआप निघेल. ज्या गाडीचा ब्रेक धड लागत नाहीये ती पळवून ब्रेक मारायचा? मला तरी हे पटत नाही. तेव्हापासून माझी सवय अशी, पाच-सहा वेळा पेडल झालं की उठायचं, डबी बघायची, भरायची, झाकण नुसतं टेकवायचं, मग परत खाली. कंटाळा येतो, येऊ दे.

पेडल कोण मारतंय यावरही बरंच अवलंबून असतं. निपल बंद होण्याआधी पाय सुटला की बाहेरची हवा आत गेलीच, म्हणून दाबणाऱ्याने "दाबलं" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय मी निपल उघडत नाही आणि मी "बंद" म्हटल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही. धपाधप मारणारा मदतनीस तर नकोच, त्याने ऑईलला फेस येतो आणि बारीक बुडबुडे निघायला वेळ लागतो. जुन्या गाडीत मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. एरवी पिस्टन जिथपर्यंत जात नाही तिथे सिलेंडरला गंज आणि कचरा असतो, पेडल पार तळापर्यंत नेलं की रबर त्यावर घासतं, आणि मग खरोखरच मास्टर जातो.

दुसरा किस्सा एका मित्राचा. त्याने कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) काढून साफ केले, रबरं बदलली, नवीन ऑईल भरलं, आणि दोन बाटल्या संपल्या तरी पेडल काही वर येईना. मला बोलावलं. मी टॉर्च मारला तर ब्लीडिंगचा निपल कॅलिपरच्या खालच्या बाजूला! डावा उजवीकडे, उजवा डावीकडे बसवलेला, आणि बोल्ट व्यवस्थित बसल्यामुळे याला शंकाही आली नाही. हवा वर चढणार, निपल खाली, मग दहा बाटल्या ओता, ती वरच अडकून राहणार. अदलाबदल केली आणि एका फेरीत पेडल दगडासारखं. निपल नेहमी सगळ्यात वर हवा, आणि काढतानाच टेपवर डावा-उजवा लिहून चिकटवायला काही कष्ट पडत नाहीत.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. व्हॅक्यूम पंपाने ओढताना बुडबुडे थांबतच नसतील तर ते बऱ्याचदा निपलच्या आट्यांमधून येतात, सिस्टिममधून नाही, तेव्हा शेवटची फेरी पेडलने करून खात्री करा. निपलला फिक्स पाना लावू नका, कडा गोल होतात, रिंग पानाच लावा. चाकांचा क्रम सरसकट लांबून जवळ असा नसतो, त्या गाडीचं मॅन्युअल बघा. मागे ड्रम असतील तर हँडब्रेक ओढून पेडल दाबा, पेडल वर आलं तर हवा शोधू नका, लायनर (ड्रमच्या आत घासून ब्रेक लावणारा भाग) सेट करा.

ऑईलच्या बाबतीत कंजुषी नको. उघडून महिनोन्‌महिने पडलेली बाटली हवेतला ओलावा पिते. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑईलचा दर्जा) चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा धरल्यावर तोच किमान १५५ पर्यंत खाली येतो, त्यामुळे थंड गाडीत पेडल मस्त आणि लांब उतारावर अचानक मऊ, असा प्रकार होतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही. आणि डबीत चुकूनही इंजिन ऑईल ओतू नका, सगळी रबरं फुगतात, मग ब्लीडिंगचा विषयच संपला.

"थोडी चालवली की बसेल" हे वाक्य मला ऐकवतच नाही. पेडल मऊ असेल तर गाडी जागेवरच. एक रात्र तशीच उभी ठेवा, बुडबुडे एकत्र होऊन वर सरकतात, सकाळी परत एक फेरी मारा, माझ्या दोन गाड्यांत एवढ्यानेच काम झालंय. मग इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरा आणि कोणाला तरी प्रत्येक निपल, प्रत्येक जॉइंट कोरड्या फडक्याने पुसून बघायला सांगा. फडकं कोरडं राहिलं तरच गाडी हलवा, तीही आधी सपाट मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने, एक हात हँडब्रेकवर ठेवून.