पदवीचा बाजारभाव बघताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, भरतीचं काम बघतो, म्हणून निकाल लागला की पालक मलाच गाठतात. "सायेब, सध्या कशाला स्कोप हाय?" चुकाही दरवर्षी त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फ्लेक्सवरचं पॅकेज बघून प्रवेश घेणं. कागलकडच्या एका ओळखीच्या माणसानं पोराला मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घातलं. फ्लेक्सवर टाय लावलेला एक मुलगा आणि शेजारी भला मोठा आकडा. चार वर्षांनी पोरगं माझ्यासमोर नोकरी मागत बसलं, तेव्हा कळलं की तो टायवाला दोन बॅच आधीचा. ह्याच्या वर्गात 'प्लेसमेंट' म्हणजे बहुतेक कॉल सेंटरची ऑफर लेटरं. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत.

सर्वात मोठं पॅकेज विचारूच नका. मध्यक विचारा, म्हणजे सगळ्यांचे पगार ओळीनं लावले की मधोमध येतो तो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार किती, हे भरून द्यावं लागतं. तो तक्ता कॉलेजच्या वेबसाइटवर सापडतो. चार वर्षांची फी भरायला तयार असलेली माणसं तो शोधायला दहा मिनिटं बसत नाहीत, याचा मला खरंच वैताग येतो.

दुसरी चूक, शाखेच्या नावाला भुलणं. 'एआय अँड डेटा सायन्स' म्हटलं की डोळे चमकतात, मेकॅनिकल म्हटलं की तोंड वाकडं. बी.एस्सी. केमिस्ट्रीत तर म्हणे काय ठेवलंय! आमच्याकडं ओतकामाआधी भट्टीतला नमुना स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर, लागतो. कार्बन-सिलिकॉन जुळल्याशिवाय लोखंड साच्यात जात नाही. त्या लॅबमध्ये केमिस्ट्रीवालेच बसलेत. मुलाखतीत मी जुना रिपोर्ट हातात देतो आणि विचारतो, यात काय बिघडलंय? उत्तर आलं की मार्कलिस्ट बघायची गरज पडत नाही.

डिप्लोमाला कमी लेखू नका. दहावीनंतर तीन वर्षं, मग थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. बारावीवाल्याइतकाच वेळ.

नॅक ही कॉलेजचा दर्जा तपासणारी संस्था, तिचं मूल्यांकन अख्ख्या कॉलेजचं असतं. तुमच्या शाखेला एनबीए, म्हणजे त्या अभ्यासक्रमापुरती मान्यता, आहे का, ते वेगळं विचारा.

डिग्री झाल्या झाल्या एमबीए नको. आधी कुठंतरी राबा.

आणि अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात शिकाऊ म्हणून काम. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स हे सरकारी पोर्टल आहे, स्टायपेंड मिळतो. "एवढ्यावर कोण राबणार?" म्हणणारी पोरं घरी बसतात, आणि आम्ही कायम करताना आधी आमच्याच अप्रेंटिसकडं बघतो.

विचारायचं असेल तर प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंती, भरायच्या आधी या. मुदत संपल्यावर रात्री अकराला फोन केलात, तर मी उचलणार नाही.