जर्मनीला निघालात? खर्चाच्या हिशेबात या चुका टाळा

दर उन्हाळ्यात बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या घरी जर्मनीला शिकायला निघालेली दोन-तीन मुलं हिशेबाचा कागद घेऊन येतात. मी आठ वर्षं जर्मनीत काढली, म्हणून. कागद उघडण्याआधीच मला आकडा ठाऊक असतो: ९९२.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे आणि तिथे गेल्यावर त्यातले दरमहा ९९२ हाती येणार. मुलं हाच खर्च धरून चालतात. माझ्या भाच्यानेही धरला. एक्सेलमध्ये रंगीत रकाने, भाडं ३६०, जेवण २००, आणि खिशात ४०० युरो. "बाकीचे खात्यात आहेतच की, मावशी!"

खोली मिळाली. मालकाने तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, १,०८०. खात्यातले पैसे निघायला तिथलं चालू खातं हवं, त्याच्या बँकेला पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीला घरमालकाचं पत्र हवं, आणि डिपॉझिटशिवाय मालक किल्लीच देईना. तीन आठवडे पठ्ठ्या मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपला. शेवटी पैसे इथून गेले. डिपॉझिट तीन समान हप्त्यांत भरायचा हक्क तिथला कायदाच भाडेकरूला देतो, हे आम्हाला नंतर कळलं. मालक कशाला सांगेल?

तेव्हापासून मी एकच धोशा लावते: ब्लॉक्ड अकाउंट सोडून किमान १,५०० युरो वेगळे ठेवा. "थई जशे, आंटी" (होऊन जाईल) म्हणणाऱ्यांना मी चहा पाजते आणि वाटेला लावते.

दुसरी चूक भाड्याची. जाहिरातीतला स्वस्त आकडा बहुधा 'काल्ट' असतो, म्हणजे नुसत्या जागेचा. हीटिंग, पाणी, कचरा धरून होतं ते 'वार्म'. वीज पुष्कळदा त्याहून वेगळी. शिवाय वार्ममधली वरची रक्कम ही आगाऊ भरलेली असते. वर्षाचा हिशेब नंतर येतो आणि हिवाळाभर हीटर पाचवर, म्हणजे सगळ्यात जास्त, ठेवून खिडकी उघडी टाकली असेल, तर आणखी दोन-तीनशे युरो सहज भरावे लागतात. मी दर महिन्याला ३० युरो त्यासाठी बाजूला काढायची. पहिल्या वर्षी नव्हते काढले, हेही सांगून टाकते.

विद्यार्थ्याचा आरोग्यविमा महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातो, तो कागदावर लिहा. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी दरमहा १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. एकत्र राहणाऱ्यांनी वाटून घ्यावी. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारी सामान भरा, नाहीतर स्टेशनवरचं महागडं दूध घ्या. तांदूळ इथून वाहून नेऊ नका, तिथे मिळतो. कुकर मात्र न्या.

आणि ते 'पाचशे युरोत महिना' दाखवणारे व्हिडिओ! त्यातल्या एकाने तरी विमा धरलाय का, ते आधी बघा. रुपयांत गुणाकार करत आठवडाभर ब्रेड खाणारी मुलं शनिवारी वैतागून पंधरा युरोचा पिझ्झा मागवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात भाचाही होता.