सोल्डर तपासणारं एआय नेमकं कुठे बघतंय, हे मोजायचं कसं

एसएमटी लाइनवर (जिथे सर्किट बोर्डवर सुटे भाग बसवून सोल्डर होतात) एओआय हे कॅमेऱ्याने आपोआप तपासणी करणारं यंत्र असतं. त्याला एखाद्या सोल्डर जॉइंटचा संशय आला की ते बोर्ड अडवतं. अडवलेले बरेच जॉइंट चांगलेच निघतात. ऑपरेटर शिफ्टभर ‘ओके’ दाबत राहतो आणि त्या ओघात एखादा खरा शॉर्टही (दोन पाय सोल्डरने चुकून जोडले जाणं) पुढे सटकतो. म्हणून एओआयनंतर दुसरं मत द्यायला न्यूरल नेटवर्क बसवतात. पण त्याने नुसतं ‘खराब, ९७ टक्के’ म्हणून भागत नाही. कशावरून खराब, हे हीटमॅपवर, म्हणजे मॉडेलने फोटोतल्या कोणत्या भागाला किती वजन दिलं ते रंगांत दाखवणाऱ्या नकाशावर, दिसलं पाहिजे, आणि लाइनवर लावण्याआधी त्या हीटमॅपचीच परीक्षा झाली पाहिजे. हे दुसरं काम बऱ्याचदा राहून जातं.

सुरुवात फोटोंपासून. एओआयने अडवलेल्या प्रत्येक जॉइंटचा २२४ × २२४ पिक्सेलचा तुकडा कापा. चांगला-वाईट हे दोन निरीक्षकांनी वेगवेगळं ठरवावं, तेही आयपीसी-ए-६१० या जॉइंट स्वीकारण्याच्या मानकातला कोणता वर्ग लागू आहे हे आधी पक्कं करून. ट्रेनिंग आणि टेस्टची वाटणी पॅनेलनुसार (एकत्र बनणाऱ्या बोर्डांच्या पत्र्यानुसार) करा. एकाच पॅनेलचे तुकडे दोन्हीकडे गेले की आकडे छान येतात आणि नव्या लॉटवर कोसळतात. शिवाय शॉर्ट, टूमस्टोन (भाग एका टोकावर उभा राहणं), कमी सोल्डर अशा प्रत्येक प्रकारचे किमान ५० टेस्ट फोटो घेऊन दोषाभोवती हाताने चौकट आखा. या चौकटी शिकवण्यासाठी वापरायच्या नाहीत, त्या हीटमॅप तपासण्यासाठी राखून ठेवायच्या.

दोन गोष्टी इथेच सांभाळा. सदोष जॉइंटजवळ निरीक्षक लाल बाणाचा स्टिकर लावतात. फोटो त्यानंतर काढले असतील तर मॉडेल सोल्डर सोडून स्टिकर शिकतं. दुसरं, लाल-हिरव्या-निळ्या रिंगलाइटच्या एओआयमध्ये रंग म्हणजे उतार असतो: सपाट भाग लाल दिसतो, तीव्र उताराचा फिलेट (पायालगतचा सोल्डरचा उतरता भाग) निळा. अशा फोटोंवर रंगछटा बदलणारं ऑगमेंटेशन (फोटोंच्या बदललेल्या प्रती बनवणं) केलं किंवा ते ग्रेस्केल केले, तर फिलेटच्या आकाराची माहितीच पुसली जाते.

मॉडेल म्हणून रेसनेट-१८ या लहान, तयार न्यूरल नेटवर्कपासून सुरुवात करा. हीटमॅपसाठी ग्रॅड-कॅम घ्या. त्याला नेटवर्कमधून एक फॉरवर्ड (पुढे) आणि एक बॅकवर्ड (उलट) पास पुरतो. लाइम या दुसऱ्या हीटमॅप पद्धतीला एकाच फोटोच्या शेकडो बदललेल्या प्रती चालवाव्या लागतात, त्यामुळे ते लाइनवर नको, ऑफिसात बसून करायच्या तपासणीला ठीक.

आता ग्रॅड-कॅमसाठी नेटवर्कचा कोणता थर वापरायचा ते निवडणं, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. रेसनेटच्या शेवटच्या कन्व्होल्यूशन थराचा नकाशा फक्त ७ × ७ घरांचा असतो, म्हणजे एक घर ३२ पिक्सेलचं. कॅमेरा एका पिक्सेलला १५ मायक्रॉन देत असेल तर ते घर ०.४८ मिमी होतं. ०.५ मिमी पिचच्या (दोन पायांमधल्या अंतराच्या) आयसीवर जवळजवळ अख्खा पिच एका घरात मावतो, मग शॉर्ट कोणत्या दोन पायांमध्ये आहे हे हीटमॅप सांगणार कसा? अशा वेळी त्याआधीचा, १४ × १४ चा थर घ्या. तिथे घर ०.२४ मिमीचं पडतं. आणखी मागे २८ × २८ वर गेलात तर रेषा बारीक येतात, पण गोंगाट वाढतो आणि दोषाशी संबंध नसलेल्या कडाही उजळतात.

प्रत्येक फोटोची उष्णता (हीटमॅपमधले आकडे) स्वतंत्रपणे ० ते १ मध्ये ताणून दाखवू नका. तसं केलं की निर्दोष जॉइंटवरही कुठेतरी लालभडक डाग पडतोच. सगळ्या फोटोंना एकच ठरलेली मोजपट्टी लावा.

मग परीक्षा. सर्वात तप्त बिंदू आखलेल्या चौकटीत पडतो का, ते प्रत्येक दोषप्रकारासाठी वेगळं मोजा. १० पैकी ९ वेळा पडत नसेल तर त्या प्रकारासाठी हीटमॅप ऑपरेटरला दाखवूच नये, असं आमचं ठाम मत आहे. त्यानंतर सर्वात तप्त १० टक्के भागावर गोल्डन बोर्डवरचा (निर्दोष नमुना बोर्डवरचा) नेमका त्याच जागेचा तुकडा चिकटवा आणि ‘खराब’चा स्कोअर पुन्हा काढा. तो घसरला पाहिजे, आणि तेवढाच तुकडा दुसरीकडे कुठेही चिकटवल्यावर होते त्याहून स्पष्टपणे जास्त घसरला पाहिजे. काळा चौकोन वापरू नका. तसा चौकोन मॉडेलने कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे स्कोअर कशामुळे हलला हे कळत नाही. शेवटी मॉडेलची वेट्स (शिकून ठरलेले आतले आकडे) रँडम करून हीटमॅप काढा. चित्र जवळपास तसंच राहिलं, तर ती पद्धत फक्त फोटोतल्या कडा गिरवते आहे.

उष्णता चुकीच्या जागी दिसली तर कारण शोधायला ती जागाच मदत करते. सिल्कस्क्रीनवर (बोर्डवरच्या छापील अक्षरांवर) किंवा बारकोडवर असेल तर सदोष फोटो बहुधा एकाच लॉटमधून आले आहेत. जॉइंटच्या संपूर्ण पृष्ठभागावर सारखी पसरली असेल तर मॉडेल बहुधा मंद चकाकीला दोष समजतंय. एसएसी३०५ सारख्या शिसेविरहित सोल्डरचा जॉइंट मुळात मंद आणि दाणेदार दिसतो, आणि आयपीसीला तो मान्य आहे. असे चांगले जॉइंट ट्रेनिंगमध्ये वाढवा. डायोड उलटा बसल्याचं निदान बरोबर असूनही उष्णता डायोडची दिशा दाखवणाऱ्या पट्टीवर नसून पॅडवर असेल, तर ते निदान योगायोगाचं माना.

ऑपरेटरच्या स्क्रीनवर इंद्रधनुषी थर पसरवू नका, खालचं सोल्डर झाकलं जातं. मूळ फोटो, शेजारी गोल्डन बोर्ड आणि तप्त भागाभोवती बारीक रेघ एवढं पुरे. रेघ ऑपरेटरने आपला निर्णय नोंदवल्यावरच उमटू द्या, नाहीतर नजर तिच्या मागे जाते आणि दुसरं मत उरतच नाही. नोंदीत निदान बरोबर होतं का आणि जागा बरोबर होती का, हे दोन रकाने वेगळे ठेवा. सोल्डर पेस्ट, स्टेन्सिल (पेस्ट लावायचा छिद्रांचा पत्रा), सोल्डर मास्कचा (बोर्डवरच्या रंगीत थराचा) रंग किंवा रिंगलाइट बदलला की चौकटींची परीक्षा पुन्हा घ्या.

बीजीएच्या (खालच्या बाजूला सोल्डरचे गोळे असलेल्या चिपच्या) पोटाखालचे जॉइंट मात्र यात येत नाहीत. कॅमेऱ्याला जे दिसत नाही त्याचा हीटमॅपही नसतो. तिथे एक्स-रेच लागतो.