तुळशीच्या लग्नाआधी वाटाण्याची तयारी

गोव्यात वाटाणा लावतो म्हटलं की शेजारी हसतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. हे थंडीचं पीक. पणजीत जानेवारीतही दुपारी पारा ३१-३२ अंशांवर असतो आणि तिशीच्या वर वाटाण्याची फुलं गळायला लागतात. आमच्या डिचोलीकडे पहाट जरा गार असते, तेवढाच आधार. नोव्हेंबरच्या मध्यापासून जेमतेम अडीच-तीन महिने हातात मिळतात. त्यातले आठ दिवस ‘अरे, चुनखडी आणायची राहिली’ यात गेले, तर ते थेट शेंगांतून वजा होतात. म्हणून ऊस, दिंडे आणि आवळ्याच्या फांद्या जमवायची धावपळ सुरू व्हायच्या आत पोरसातलं, म्हणजे परसबागेतलं, सगळं तयार हवं.

आधी जागा ठरवा. पुस्तकं दिवसभर ऊन सांगतात, ती आपल्यासाठी लिहिलेली नाहीत. घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन भरपूर आणि दुपारी दोननंतर भिंतीची सावली, अशी जागा मिळाली तर सोनं. माडाच्या बुंध्याशी मात्र नको, तिथे माडाची मुळं पाणी पिऊन टाकतात.

आपली जांभ्याची तांबडी माती आंबट असते, वाटाण्याला ती तशी सोसत नाही. चार फूट बाय दहा फुटांच्या वाफ्याला अर्धा किलो डोलोमाइट (ही चुनखडीच) पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळून ठेवा. शेणखत त्याच दिवशी घालू नका, त्यातलं नत्र हवेत उडून जातं. आठ-दहा दिवसांनी घाला, तेही चांगलं कुजलेलं आणि बेताचं. खत जास्त झालं की वेल हिरवेगार होतात आणि शेंगा शोधाव्या लागतात. वाफा उंच करा. परतीचा पाऊस कधी कधी दिवाळीतही येऊन जातो.

बियाण्याच्या बाबतीत मी एकदा चांगला फसलोय. किराणा दुकानातला पातळभाजीचा सुका वाटाणा पेरला. उगवला झकास, पण दाणे पिठूळ निघाले, गोडी नाहीच. बियाणं म्हणून विकलं जाणारंच आणा. आपल्याला ‘अर्केल’ बरा: बुटका, लवकर येणारा, साधारण दोन महिन्यांत पहिली तोडणी. भुरीचा, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या रोगाचा, त्रास दरवर्षीचा असेल तर ‘अर्का अजित’ शोधा, तो भुरी आणि तांबेऱ्याला दाद देत नाही. अर्केलचं बी सुरकुतलेलं दिसतं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. त्यात स्टार्च कमी आणि साखर जास्त, म्हणून वाळताना ते आकसतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८५६पासून मठाच्या बागेत जे वाटाणे मोजले, त्यात गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा हिशेब होताच. मात्र असं बी ओल्या मातीत चटकन कुजतं, त्यामुळे चिखलात पेरणी नको. एवढ्या वाफ्याला ६०-७० ग्रॅम बी पुरतं.

रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी धरून हवेतलं नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंची, पुडी घेताना ती वाटाण्यासाठीचीच आहे ना, ते वाचून घ्या. अळसांद्यांच्या (चवळीच्या) मुळांवर गाठी धरणारे जिवाणू वेगळे, ते वाटाण्याच्या कामाचे नाहीत. शिवाय तुमच्या वाफ्यात वाटाणा कधी लावलेलाच नसेल, तर मातीत योग्य ते जिवाणू असतीलच असं नाही. गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बियाण्याला आधीच बुरशीनाशक लावलेलं असेल तर ही खटपट बहुधा वाया जाते.

ओळीत फूटभर अंतर, बियांत दोन इंच, खोली इंच-दीड इंच. आधार पेरणीच्या दिवशीच उभा करा, नंतर रोवायला गेलं की मुळं दुखावतात. अर्केल गुडघ्याइतकाच वाढतो, पण आधार नसेल तर तो लोळतोच. त्याचे ताणे बारीक, जाड बांबूला विळखा घालता येत नाही; सुकी काटकी, नारळाचे हीर किंवा दोन खुंट्यांमध्ये ताणलेला काथ्याचा सुंभ त्यांना चटकन सापडतो.

जाळीही आधीच आणून ठेवा. मोर कोवळे शेंडे खुडतात. त्याने फार बिघडत नाही, कारण वाटाण्याच्या डाळिंब्या जमिनीतच राहतात आणि खालून पुन्हा कोंब फुटतो. माकडांचं मात्र काय सांगावं. त्यांना शेंग कधी भरते ते आपल्याआधी कळतं, आणि ती नुसती खात नाहीत, वेल उपटून बघतात.

पाणी सकाळी, मुळाशी, आणि बेतानं. फुलं आल्यावर आणि दाणा भरताना ओल तुटू देऊ नका. भाताचा पेंढा पसरला की अर्धं काम होतं. मधमाश्यांची वाट बघायला नको, फूल उमलायच्या आधीच आत परागीभवन उरकलेलं असतं. जानेवारीच्या शेवटी पानांवर पांढरी भुरी दिसली, तर फवारण्यांच्या मागे लागण्यापेक्षा शेंगा उतरवून मोकळं व्हावं, असं माझं मत.

फुलानंतर तीनेक आठवड्यांनी शेंग भरते. ती फुगलेली पण चकचकीत असतानाच तोडा. चकाकी गेली की गोडीही गेली. एका हाताने वेल धरा, दुसऱ्याने शेंग. एकाच हाताने ओढाल तर सगळा वेल हातात येईल. दर दोन दिवसांनी फेरी हवी, पिकलेल्या शेंगा वेलावर राहिल्या की नवी फुलं थांबतात. आणि चुलीवर आधण चढवून मगच तोडायला जा. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. बेळगावहून ट्रकने येणारा वाटाणा ताजा दिसला तरी गोड लागत नाही, तो याच कारणाने.

गेल्या हंगामात या वाफ्यातून मला दोन किलोच्या आसपास शेंगा मिळाल्या, सोलून किलोभरही दाणे नाहीत. वेल वाळल्यावर उपटू नका, जमिनीलगत कापा. गाठींसकट मुळं आत राहू देत, त्याच वाफ्यात मग तांबडी भाजी टाकता येते.