पाडायच्या आधी चाळ मोजून ठेवा

मी आर्किटेक्ट, मुंबईतच वाढलोय, आणि ओळखीची इमारत गेली की अजूनही पोटात तुटतं. म्हणून सांगतो, तुमची चाळ रीडेव्हलपमेंटला जायच्या आत टेप आणि वही घेऊन जा. आधी गॅलरी मोजा, खोल्या नंतर, कारण वरळीच्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चा फ्लॅट मिळतो (आणि तो मिळायलाच हवा!) पण गॅलरीतल्या गप्पांची जागा कुठल्याच प्लॅनमध्ये नसते. कठड्याची उंची, जिन्याची पायरी, दुपारी ऊन कुठवर येतं, सगळं हातानेच काढा, फोटोत मापं कळत नाहीत. शेजारच्या आजींना विचारा, पापड कुठे वाळायचे, तेही नकाशावर लिहा. दरवर्षी त्याच कोपऱ्यावरून एक फोटो काढा, टॉवर उभा राहिल्यावरसुद्धा.