जुन्या सॉफ्टवेअरमधील मॉडेल नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचा आराखडा कसा करावा

सोलापूरचे नाव चादर आणि टॉवेल यांच्याशी जोडलेले असले, तरी अक्कलकोट रोड आणि चिंचोली औद्योगिक वसाहतींत फिरणाऱ्याला ठाऊक असते की येथे ओतकाम, कॅमशाफ्ट, यंत्रमागाचे सुटे भाग आणि जॉबवर्क करणारी मशीनशॉप्सही आहेत. अशा कारखान्यांच्या संगणकांत कॅड, म्हणजे संगणकावर भाग रेखाटण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये काढलेली पंधरा-वीस वर्षांची त्रिमितीय मॉडेल साठलेली असतात. कधी मोठा ग्राहक वेगळे सॉफ्टवेअर मागतो, कधी लायसन्सचे वार्षिक शुल्क परवडेनासे होते, तर कधी जुनी आवृत्ती नव्या संगणकावर चालत नाही. मग बैठक बसते आणि पहिला प्रश्न येतो, ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे?’ माझ्या मते तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा असावा: या प्रत्येक मॉडेलकडून यापुढे कोणते काम करून घ्यायचे आहे? पुढचा सारा आराखडा या एका उत्तरावर उभा राहतो, कारण सगळी मॉडेल सारख्याच कष्टाने नेण्याच्या हट्टापायीच अशी कामे अर्ध्यात बंद पडतात.

म्हणून सुरुवात यादीने करावी. प्रत्येक मॉडेलपुढे भाग क्रमांक, शेवटची ऑर्डर कधी आली, शेवटचा बदल कधी झाला, मोजमापाचे एकक कोणते आणि ते मॉडेल कशाचे आहे, एवढे लिहावे. ‘कशाचे आहे’ हा रकाना फाउंड्रीच्या कामात अत्यंत महत्त्वाचा आहे. तयार भागाचे मॉडेल, मशीनिंगमध्ये कापली जाणारी वाढ धरलेले कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागाचे, मॉडेल आणि धातू थंड होतानाचे आकुंचन धरून मोठे केलेले पॅटर्नचे, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याचे, मॉडेल ही तिन्ही पडद्यावर जवळजवळ सारखीच दिसतात. करड्या बिडाचे आकुंचन साधारण एक टक्का धरतात, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या भागाचे पॅटर्न ३०३ मिलिमीटरचे असते. एका कामात माझ्याकडून पॅटर्नचे मॉडेल तयार भागाचे समजून रूपांतरित झाले आणि त्यावरून फिक्श्चर (मशीनवर भाग पकडून ठेवणारे साधन) बनवले गेले. कास्टिंग बसेना तेव्हा दोन दिवस आम्ही दोष फाउंड्रीत शोधत राहिलो. रूपांतर बिनचूक होते, यादी चुकीची होती.

यादी झाली की मॉडेलचे गट पाडावेत. ज्या भागात पुढेही बदल होणार आहेत, त्यांना नव्या सॉफ्टवेअरमध्ये फीचर ट्रीसह, म्हणजे आकार घडवण्याच्या पायऱ्यांच्या यादीसह, जिवंत मॉडेल हवे. जे भाग तसेच बनत राहणार आहेत, त्यांना अचूक घन भूमिती पुरेशी असते. ज्यांची ऑर्डर वर्षानुवर्षे आलेली नाही, त्यांची तटस्थ, म्हणजे कोणत्याही एका सॉफ्टवेअरला न बांधलेल्या, स्वरूपातील प्रत आणि मंजूर ड्रॉईंगची पीडीएफ जपून ठेवली की झाले. पहिला गट शक्य तितका लहान ठेवावा, कारण खरा खर्च तिथेच होतो.

हा खर्च का होतो, हे मालकाला समजावून सांगणे आराखडा करणाऱ्याचे काम आहे. मॉडेलमध्ये दोन गोष्टी असतात: अंतिम आकार, आणि तो आकार ज्या क्रमाने घडला तो इतिहास, म्हणजे स्केच, एक्स्ट्रूड (स्केचला जाडी देणे), फिलेट (कडेची गोलाई) आणि त्यांची परस्परांशी जोडलेली मापे. नेहमीच्या देवाणघेवाणीत आकार जातो, इतिहास मागे राहतो. स्टेप हे आयएसओ १०३०३ मानकाचे स्वरूप १९९४ पासून वापरात आहे आणि घन आकारासाठी माझी पहिली पसंती तेच आहे. त्यातील एपी २०३ आणि एपी २१४ या उपप्रकारांची जागा आता एपी २४२ ने घेतली असून त्यात टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) माहितीही मॉडेलसोबत जाऊ शकते; मात्र पाठवणारे आणि घेणारे अशा दोन्ही सॉफ्टवेअरना ती हाताळता येते का, हे आधी करून पाहावे. आयजीईएस या जुन्या देवाणघेवाणीच्या स्वरूपातून बहुधा सुटे पृष्ठभाग येतात आणि ते शिवताना फटी राहतात, म्हणून दुसरा मार्ग असेल तर ते टाळावे. एसटीएल फाइलमध्ये केवळ त्रिकोण असतात, ते या कामासाठी नव्हेच.

येथे सॉफ्टवेअरच्या निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात भूमिती सांभाळणारा एक गाभा असतो. सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि एनएक्स यांचा गाभा पॅरासॉलिड हा एकच आहे, त्यामुळे त्यांच्या आपसांत पॅरासॉलिड फाइलमधून भूमिती जवळजवळ जशीच्या तशी जाते. कॅटिया किंवा क्रिओ यांचे गाभे वेगळे आहेत आणि दोन कडा जुळल्या असे मानण्याची प्रत्येकाची सूक्ष्म मर्यादाही वेगळी असते. एका गाभ्याला बंद वाटणारी कड दुसऱ्याला उघडी दिसते आणि घन मॉडेल पोकळ पृष्ठभाग होऊन उघडते, त्याचे कारण हेच.

कॅमच्या (फिरताना समोरचा भाग उचलणाऱ्या चकतीच्या) कामाला वेगळी पायरी ठेवावी. कॅमच्या लोबचा, म्हणजे उंचवट्याचा, आकार मुळात दर अंशाला किती लिफ्ट, म्हणजे उचल, मिळते याच्या तक्त्यातून येतो, आणि मॉडेलमधील वक्र त्या बिंदूंमधून काढलेला असतो. रूपांतरात तो वक्र पुन्हा आखला जाण्याची शक्यता असते. जुन्या आणि नव्या मॉडेलची तुलना केली, तर जुन्यातच असलेली चूक तशीच पुढे जाते. म्हणून लोबची तपासणी मूळ लिफ्टच्या तक्त्याशीच करावी आणि तो तक्ता मॉडेलसोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवावा. यंत्रमागाच्या टॅपेटलाही, म्हणजे मागावरील कॅमलाही, हेच लागू आहे.

यानंतर चाचणी. वीसेक मॉडेल घ्यावीत, पण सोपी नव्हे. बदलत्या त्रिज्येचे फिलेट, ड्राफ्ट (साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून दिलेला उतार) असलेली कास्टिंग, पत्र्याचा एखादा भाग आणि चाळीस-पन्नास भागांची एक असेंब्ली त्यांत असावी. रूपांतर झाल्यावर घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य ही तिन्ही मापे दोन्हीकडे काढून ताडावीत. वजनावर विसंबू नये, कारण रूपांतरात सामग्रीची घनता बऱ्याचदा हरवते आणि नवे सॉफ्टवेअर आपली ठरावीक घनता धरून वजन सांगते. नुसत्या घनफळावरही थांबू नये: डाव्या भागाऐवजी त्याचे आरशातील प्रतिबिंब, म्हणजे उजवा भाग, आला तरी घनफळ आणि पृष्ठफळ तंतोतंत जुळतात, बहुतेक वेळा फरक दिसतो तो गुरुत्वमध्याच्या स्थानात. घनफळ सोळा हजारपटीच्या आसपास बदललेले दिसले, तर इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत झाली आहे, कारण २५.४ चा घन साधारण १६,३८७ येतो. ग्राइंडिंग होणाऱ्या पृष्ठभागांसाठी मी ०.०१ मिलिमीटरहून अधिक विचलन स्वीकारत नाही. ओतकामाच्या कच्च्या पृष्ठभागाला ०.१ पुरेसे ठरते.

ड्रॉईंगबाबत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. द्विमितीय ड्रॉईंग आणि मॉडेल यांच्यातील दुवा वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टिकत नाही, म्हणून मंजूर ड्रॉईंग पीडीएफमध्ये गोठवून ठेवावे आणि त्या भागाची पुढची सुधारणा येईल तेव्हाच नव्याने काढावे.

वेळापत्रकासाठी मध्यम कारखान्याला दीड वर्ष धरावे, असा माझा आग्रह आहे: चार महिने यादी, तीन महिने चाचणी आणि निवड, उरलेला काळ गटवार रूपांतर. मार्चअखेरीच्या डिस्पॅचच्या धावपळीत कोणताही चालू भाग नव्या मॉडेलवर नेऊ नये. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे माणसे कमी असतात, तेही आधीच धरावे. पुनर्बांधणीसाठी शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना इंटर्नशिपवर घेता येते. मात्र मॉडेल ज्याने बांधले त्यानेच ते तपासू नये, आणि तपासणीच्या कागदावर टूलरूममधील अनुभवी माणसाची सही असावी. कोणता फिलेट प्रत्यक्षात पॅटर्नमेकर हाताने घासून देतो आणि मॉडेलमध्ये कधीच नव्हता, हे त्यालाच माहीत असते.

एक भाग क्रमांक नव्या मॉडेलवर गेला की त्याचे जुने मॉडेल त्याच दिवशी केवळ वाचनासाठी खुले ठेवावे, अन्यथा दोन्हीकडे बदल होऊ लागतात. जुन्या सॉफ्टवेअरचे एक लायसन्स आणि ते चालणारा एक संगणक निदान दोन वर्षे ठेवावा, त्याचे शुल्क सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरावे, आणि दर सहा महिन्यांनी त्यावर यादीतील कोणतीही पाच मॉडेल उघडून ती खरोखर उघडतात की नाही, याची नोंद वहीत करावी.